एका छत्रीवर घरातले सगळे टीव्ही : नाशिककरांसाठी जोडणीची माहिती

हॉलमध्ये बातम्या, आजी-आजोबांच्या खोलीत कीर्तन, वरच्या मजल्यावर क्रिकेट. पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत कुठल्याही रो हाउसमध्ये आता दोन-तीन टीव्ही सहज असतात. मात्र त्याच घरांच्या गच्चीवर गेलं की एका कुटुंबाच्या तीन-तीन छत्र्या, म्हणजे डिश अँटेना, कठड्यावरून लोंबणाऱ्या केबल आणि टेप गुंडाळलेले सांधे दिसतात. एवढ्या पसाऱ्याची गरज नसते. एकाच कंपनीची किंवा एकाच उपग्रहाची सेवा असेल तर घराला छत्री एक पुरते. फक्त प्रत्येक सेट टॉप बॉक्सला त्या छत्रीपासून स्वतःची, मध्ये कुठेही न तोडलेली केबल लागते. पुढे जे काही लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. घराचं बांधकाम किंवा रंगकाम चालू असेल तर हा लेख आजच वाचा, कारण भिंती बंद झाल्यावर हेच काम तिप्पट त्रासाचं होतं.

सुरुवात कागदावर करा

घराचा साधा आराखडा काढा आणि टीव्हीच्या जागांवर खुणा करा. आज टीव्ही नसला तरी पाच वर्षांत जिथे येऊ शकतो ती खोलीही धरा. मग घरच्यांना एकच प्रश्न विचारा: प्रत्येक खोलीत वेगळं चॅनल बघायचं आहे, की सगळीकडे एकच चित्र चालेल?

वेगळं चॅनल हवं असेल तर जितके टीव्ही तितके बॉक्स, आणि जितके बॉक्स तितक्या केबल. याला दुसरा मार्ग नाही. एक बॉक्स एका वेळी एकच चॅनल बाहेर काढतो. एकच चित्र चालणार असेल, म्हणजे हॉलमधलं स्वयंपाकघरातही दिसावं एवढंच हवं असेल, तर एका बॉक्सवर भागतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. बहुतेक घरांना सुरुवातीला वाटतं की एकच चित्र पुरेल. पहिली मॅच आणि पहिली मालिका एकाच वेळेला आली की तो विचार बदलतो. म्हणून माझा सल्ला असा की आत्ता बॉक्स एकच घ्या हवं तर, पण केबल प्रत्येक खोलीत टाकून ठेवा.

स्प्लिटर लावून काम का होत नाही

स्प्लिटर म्हणजे एका केबलचे दोन-तीन फाटे करणारा छोटा तुकडा. इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण नव्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

जुनी केबल टीव्हीची जोडणी नळासारखी होती. सगळी चॅनलं एकाच तारेतून एकदम यायची, म्हणून कुठेही फाटा काढला तरी पुढे सगळं मिळायचं. छत्रीचं तसं नाही. डीटीएचचे सिग्नल केयू बँडमध्ये, म्हणजे साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतात. एवढी वरची फ्रिक्वेन्सी साध्या केबलमधून खाली खोलीपर्यंत टिकत नाही. म्हणून छत्रीच्या पुढे दांडीवर जो एलएनबी बसवलेला असतो तो ती खाली उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणतो आणि मग केबलमध्ये सोडतो.

अडचण अशी की वरून येणारा मजकूर या पट्ट्यात एकदम मावत नाही. उपग्रह आडव्या आणि उभ्या अशा दोन ध्रुवणांत (ध्रुवण म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा) प्रक्षेपण करतो, आणि त्या प्रत्येकात खालचा बँड आणि वरचा बँड असे दोन भाग असू शकतात. म्हणजे एकूण चार गट. एका केबलमधून एका वेळी यातला एकच गट खाली येतो. कोणता, ते बॉक्स ठरवतो. रिमोटवर चॅनल बदललं की बॉक्स केबलमधूनच वर एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देतो. १३ म्हणजे उभं ध्रुवण, १८ म्हणजे आडवं. वरचा बँड हवा असेल तर सोबत २२ किलोहर्ट्झचा टोन पाठवतो. नेहमीच्या युनिव्हर्सल एलएनबीची ही रीत आहे.

आता एकाच आउटपुटला स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले तर काय होईल ते बघा. हॉलमधला बॉक्स १८ व्होल्ट देतोय, बेडरूममधला १३. एलएनबी बिचारा एकाचंच ऐकणार. हॉलमध्ये चॅनल बदललं की बेडरूमचा टीव्ही काळा पडतो, आणि घरातले लोक बॉक्सला दोष देत बसतात.

काही घरांत स्प्लिटर वर्षानुवर्षं चाललेलाही दिसेल. बघितली जाणारी चॅनलं योगायोगाने एकाच गटात असली की तसं होतं. कंपनीने चॅनलं इकडची तिकडे हलवली की ते अचानक बंद पडतं. अशा योगायोगावर घराची जोडणी उभी करू नका.

एलएनबी निवडताना

खरं उत्तर एलएनबीतच आहे. बाजारात एकापेक्षा जास्त आउटपुटचे एलएनबी मिळतात: दोनचा ट्विन, चारचा क्वाड, आठचा ऑक्टो. यातलं प्रत्येक आउटपुट स्वतंत्र असतं. ज्या बॉक्सची केबल त्याला जोडली आहे त्याचंच ते ऐकतं. चार आउटपुट आहेत म्हणून प्रत्येकाला पाव सिग्नल मिळतो असंही नाही. प्रत्येकाला पुरा मिळतो. टीव्ही दोन असले तरी क्वाडच घ्या. पुढे तिसरा आला की गच्चीवर परत चढून छत्री हलवावी लागत नाही.

दुकानात नाव नीट वाचा. क्वाड आणि क्वाट्रो हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोघांनाही चारच आउटपुट असतात. क्वाट्रोच्या प्रत्येक आउटपुटला वर सांगितलेल्या चार गटांपैकी एक गट कायमचा बांधलेला असतो. तो थेट बॉक्सला जोडायचा नसतो, मल्टिस्विचला जोडायचा असतो. चुकून क्वाट्रो आणून थेट बॉक्सला जोडला तर प्रत्येक खोलीत थोडी थोडी चॅनलं दिसतील आणि पत्ता लागणार नाही काय बिघडलं ते.

मल्टिस्विचची वाट सहा-आठपेक्षा जास्त टीव्ही असलेल्या एकत्र कुटुंबाच्या बंगल्याला किंवा सोसायटीच्या अख्ख्या विंगला सोयीची. क्वाट्रो एलएनबीच्या चार केबल मल्टिस्विचमध्ये येतात आणि तिथून आठ, सोळा किंवा जास्त केबल खोल्यांकडे जातात. त्याला वीज लागते, म्हणून तो गच्चीवर उघड्यावर न ठेवता जिन्याखाली किंवा मीटरच्या जागेजवळ कोरड्या पेटीत बसवतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने पंचवटीकडे कुणी घराच्या खोल्या यात्रेकरूंना भाड्याने द्यायचा विचार करत असेल तर जोडणी याच पद्धतीने करावी. मात्र तिथे घरगुती कनेक्शन चालत नाही, व्यावसायिक घ्यावं लागतं.

कंपनीचं डीटीएच असेल तर एलएनबी स्वतः विकत आणण्याआधी कंपनीला फोन करा. जास्त टीव्हीच्या जोडणीसाठी त्यांचे तंत्रज्ञ योग्य एलएनबी घेऊन येतात, आणि कंपनीच्या बॉक्सला नेमका कोणता चालतो ते त्यांनाच ठाऊक असतं. तुम्ही केबल आधीच टाकून ठेवलेल्या असतील तर त्यांचं काम तासाभरात उरकतं आणि तुमच्या भिंतींना नवी भोकं पडत नाहीत.

पैशांचा हिशेब आधी विचारा

डीडी फ्री डिशला महिन्याचं शुल्क नाही. ही सेवा दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू केली. इथे प्रत्येक जास्तीच्या टीव्हीचा खर्च म्हणजे एक बॉक्स आणि एक केबल. बॉक्स एमपेग-४ चा, म्हणजे चित्र आवळून पाठवायच्या नव्या पद्धतीचा घ्या, कारण जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही चॅनलं लागत नाहीत. नवा टीव्ही घेणार असाल तर त्यात सॅटेलाइट ट्यूनर आतच आहे का ते विचारा. भारतीय मानक ब्युरोने अशा टीव्हींसाठी आयएस १८११२ : २०२२ हे मानक केलेलं आहे. तसा टीव्ही असेल तर फ्री डिशसाठी बॉक्सही लागत नाही, केबल थेट टीव्हीच्या मागे जोडायची.

पैसे भरून घ्यायच्या सेवांमध्ये प्रत्येक बॉक्सचं वेगळं कनेक्शन धरलं जातं. पण एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीला पहिल्याइतके पैसे द्यावे लागतातच असं नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने १ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीत दुसऱ्या आणि पुढच्या टीव्हीसाठी नेटवर्क शुल्क, म्हणजे चॅनलांच्या पैशांव्यतिरिक्त जोडणीसाठी घेतलं जाणारं शुल्क, पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. जुलै २०२४ मध्ये नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादा काढली गेली आणि ते ठरवणं कंपन्यांकडे गेलं. म्हणून नवा टीव्ही जोडण्याआधी ‘मल्टी टीव्ही’चा दर विचारून घ्या, आणि दुसऱ्या टीव्हीवर पहिल्यापेक्षा छोटा पॅक चालेल का तेही विचारा. आजोबांच्या खोलीत खेळाच्या महागड्या चॅनलांची गरज नसते.

नाशिकमधून छत्रीचं तोंड कुठे

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांश आणि ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्याकडचे सगळे डीटीएच उपग्रह विषुववृत्ताच्या वर आणि आपल्या पूर्वेला आहेत, त्यामुळे शहरातली प्रत्येक छत्री दक्षिण आणि पूर्व यांच्या मधे कुठेतरी बघत असते. गणित करून काढलेले आकडे देतो. पहिला आकडा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेले अंश, दुसरा क्षितिजापासूनची उंची.

टाटा प्ले, ८३ अंश पूर्व: दिशा १५५, उंची ६४.
डीटूएच, ८८ अंश: दिशा १४३, उंची ६१.
डीडी फ्री डिश, ९३.५ अंशावरचा जीसॅट-१५: दिशा १३४, उंची ५८.
डिश टीव्ही, ९५ अंश: दिशा १३१, उंची ५६.
एअरटेल, १०८.२ अंश: दिशा ११६, उंची ४५.

कंपास नसला तरी अंदाज बांधता येतो. सीबीएस किंवा कॉलेज रोडच्या बाजूला राहत असाल तर फ्री डिशची छत्री नाशिकरोड-सिन्नरच्या रोखाने बघते, टाटा प्लेची त्याहून दक्षिणेला देवळाली कॅम्पच्या रोखाने, आणि एअरटेलची नाशिकरोडच्या डावीकडे, आणखी पूर्वेला. फोनमधला कंपास आपल्या भागात चांगला चालतो, कारण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत इथे फरक नगण्य आहे. मात्र लोखंडी जिना, पत्र्याची शेड किंवा कॉलममधून वर आलेल्या सळया यांपासून दोन पावलं लांब उभं राहून बघा.

उंचीच्या आकड्याचा एक मोठा फायदा आहे. सिग्नल बऱ्याच वरून येतो, त्यामुळे समोरच्या इमारतीचा अडथळा वाटतो तितका नसतो. छत्रीपेक्षा १० मीटर उंच भिंत समोर असेल तर फ्री डिशसाठी ती साडेसहा मीटरच्या आत असली तरच आड येते, टाटा प्लेसाठी पाच मीटरच्या आत. एअरटेलला मात्र दहा मीटर मोकळे लागतात. गंगापूर रोडवर शेजारी नवा टॉवर उभा राहतोय म्हणून घाबरण्याआधी हे मोजून बघा. झाडाबाबत थोडी जास्त जागा सोडा. उन्हाळ्यात विरळ असलेलं झाड पावसाळ्यात भरगच्च होतं आणि ओली पानं सिग्नल पार गिळतात.

घरगुती छत्री ऑफसेट प्रकारची असते. ती उभी दिसते, पण बघत असते तिच्या चेहऱ्यापेक्षा वीस-बावीस अंशांनी वर. म्हणून नुसत्या नजरेने उंची लावू नका, मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात त्या वापरा.

जागा निवडताना वाऱ्याचा विचार करा. आपल्याकडे पावसाळ्यातला जोराचा वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे छत्रीच्या पाठीवर आणि बाजूवर. गच्चीवर जिन्याची खोली असेल तर तिच्या पूर्वेच्या भिंतीलगत, आग्नेय मोकळी ठेवून छत्री बसवली की वाऱ्याचा निम्मा मारा भिंतच घेते. पाया स्लॅबवर अँकर बोल्टने पक्का करा आणि बोल्टभोवती वॉटरप्रूफिंग करून घ्या, नाहीतर छत्रीबरोबर खालच्या खोलीला गळतीही मिळेल. भोक पाडायचं नसेल तर सिमेंटच्या जड ठोकळ्यावर बसवा. कठड्याच्या कडेला, बाहेर लटकून करावं लागेल अशा जागी अजिबात बसवू नका. दुरुस्तीला कुणीतरी माणूसच तिथे जाणार असतो.

छत्री लावणं

खांब सर्व बाजूंनी लेव्हलमध्ये आहे ना ते आधी तपासा. खांब तिरका असेल तर पुढचे सगळे आकडे चुकतात. उंची पट्टीवर लावून बोल्ट हलका आवळा, मग छत्री पूर्वेकडून दक्षिणेकडे अगदी सावकाश फिरवा. बॉक्सच्या सिग्नलच्या पानावर दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंग्थची पट्टी छत्री भलतीकडे असतानाही भरलेली दिसू शकते. बघायचं ते क्वालिटीकडे. ही पट्टी बोटभर हालचालीत शून्यावरून एकदम उठते, आणि बॉक्सला ती दाखवायला दोन-तीन सेकंद लागतात. म्हणून जरा हलवा, थांबा, बघा, मग परत जरा हलवा. घाईत फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटून जातो.

क्वालिटी आली की आधी आडवी दिशा, मग उंची, आणि शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत डावी-उजवीकडे किंचित फिरवून सगळ्यात जास्त आकडा शोधा. शेवटचं हे काम बरेच जण सोडून देतात. दोन ध्रुवणं एकमेकांत मिसळू नयेत यासाठी एलएनबीचा तिरकेपणा महत्त्वाचा असतो, आणि चार बॉक्स चालवायचे तर त्याची गरज जास्तच. बोल्ट आवळताना आकडा बघत रहा, कारण आवळताना छत्री सरकते. काम आभाळ स्वच्छ असताना करा, म्हणजे मिळालेला आकडा खरा असतो आणि पावसाळ्यात तो कितीने उतरतो ते कळतं.

केबल आणि तिचे सांधे

आरजी-६ केबल घ्या, ७५ ओहमची. तीस मीटरला २ गिगाहर्ट्झच्या आसपास साधारण ९ डेसिबल सिग्नल वाया जातो, तेवढं सगळ्या बॉक्सना झेपतं. तीन मजली बंगल्यात गच्चीपासून तळमजल्यापर्यंत वळणांसकट पंचवीस-तीस मीटर लागतात, म्हणजे काळजी नाही. पन्नास मीटरच्या पुढे गेलात तर जाड आरजी-११ केबल किंवा एलएनबीजवळ सिग्नल वाढवणारा लाइन अँप्लिफायर लागेल. आतली तार पूर्ण तांब्याची असलेली केबल मिळाली तर तीच घ्या, कारण एलएनबीला वीजही याच तारेतून जाते. एम.जी. रोडवर केबल घेताना टोक सोलून दाखवायला सांगा. जाळी दाट आणि तिच्याखाली फॉइल हवा. जाळीत चार तारा विरळ पसरलेल्या दिसल्या तर ती केबल परत ठेवा.

भिंतीतून न्यायची तर २५ मिलिमीटरच्या पाइपमध्ये तीन केबल आरामात ओढता येतात. चौथीसाठी दुसरा पाइप टाका. विजेच्या वायरिंगच्या पाइपमधून ही केबल कधीही नेऊ नका. कुठे वायर सोलली गेली तर २३० व्होल्ट थेट छत्रीच्या लोखंडावर येतील. वायरमन ‘चालतं हो’ म्हणाला तरी ऐकू नका. पाइपला काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड वापरा, आणि केबल सात-आठ सेंटिमीटरपेक्षा तंग वळवू नका. जुन्या नाशकातल्या वाड्यांत भिंती फोडणं शक्य नसतं. तिथे केसिंग पट्टीतून, तुळयांच्या कडेने केबल न्यावी. दिसायला फार वाईट दिसत नाही आणि माती-विटांच्या भिंतीला धक्का लागत नाही.

टोकाला एफ कनेक्टर बसवताना थोडा वेळ द्या. बाहेरचं आवरण दीड सेंटिमीटरभर सोला, जाळी मागे दुमडा, पांढरं इन्सुलेशन अर्ध्यापेक्षा थोडं जास्त काढा आणि मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर राहील एवढी ठेवा. जाळीचा एक केससुद्धा मधल्या तारेला टेकता कामा नये. टेकला तर शॉर्ट होऊन त्या बॉक्सचा पुरवठा बंद पडतो. हाताने फिरवून बसवायचे कनेक्टर खोलीत चालतात, पण गच्चीवर दाबून बसवायचे, म्हणजे कॉम्प्रेशनचेच वापरा. केबल जोडताना किंवा काढताना सगळे बॉक्स मेन स्विचवरून बंद हवेत. रिमोटने बंद केलेला बॉक्सही केबलमध्ये व्होल्टेज सोडत असू शकतो.

एलएनबीजवळ केबलला खालच्या बाजूने एक वळसा द्या, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत सांध्यात न जाता वळशावरून खाली टपकेल. सांध्यावर रबराचा बूट किंवा स्वतःलाच चिकटणारी रबर टेप हवी. साधी काळी टेप एका उन्हाळ्यात सुटते. वापरात नसलेल्या आउटपुटला टोपी लावून ठेवा. केबल गच्चीवर मोकळी ताणू नका. संक्रांतीला मांजा तिच्यात अडकतो आणि तो ओढणाऱ्या पोराला आपण काय ओढतोय याची कल्पना नसते.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना खोलीचं नाव लिहा. हॉल, आई-बाबा, वरची पूर्व, वरची पश्चिम. भिंतीत शिरल्यावर चारही केबल सारख्याच दिसतात.

बंगल्याला अर्थिंग असेल तर छत्रीचा खांब इलेक्ट्रिशियनकडून जाड तांब्याच्या तारेने त्याला जोडून घ्या. एप्रिल-मेमधल्या अवकाळी पावसात विजा कडाडायला लागल्या की बॉक्सचा प्लग आणि मागची केबल दोन्ही काढून ठेवा.

एकच चित्र पुरत असेल तर

एका बॉक्सचं चित्र दोन टीव्हींना द्यायचं असेल तर एचडीएमआय स्प्लिटर मिळतो. साधी एचडीएमआय केबल दहा मीटरपर्यंत ठीक, त्यापुढे कॅट-६ केबलवर चालणारा एक्स्टेंडर घ्यावा. त्यातला एखादा रिमोटचा सिग्नलही मागे नेतो, म्हणजे दुसऱ्या खोलीतून चॅनल बदलता येतं. तो नसेल तर दर वेळी हॉलमध्ये जावं लागतं. वाय-फाय चांगलं असलेल्या घरात कंपनीच्या ॲपवरही दुसऱ्या टीव्हीची सोय होते. तरीही वयस्क माणसांच्या खोलीत मी बॉक्स आणि आकड्यांची बटणं असलेला रिमोटच सुचवेन. त्यांना चॅनलचा नंबर पाठ असतो, ॲपमधली चित्रं शोधत बसायला लावू नये.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

बाल्कनी आग्नेयेला असेल तर छत्री तिथेच, ग्रिलच्या आत बसू शकते. मात्र वरच्या मजल्याची बाल्कनी डोक्यावर असेल तर ५८ अंशांवरून येणारा सिग्नल तिच्या स्लॅबला अडतो, म्हणून छत्री जितकी बाहेरच्या कडेला तितकी बरी. बाल्कनी उत्तरेला किंवा पश्चिमेला असेल तर गच्चीच लागेल. गच्ची सगळ्यांची असते, तेव्हा सेक्रेटरींकडे लेखी अर्ज द्या आणि केबल डक्टमधून नेण्याची परवानगी त्यातच मागा. सोसायटीत एकाच कंपनीचे पाच-सहा ग्राहक असतील तर बैठकीत एका छत्रीचा आणि मल्टिस्विचचा विषय काढा. खर्च वाटला जातो आणि गच्ची मोकळी राहते.

जोडून झाल्यावर तपासणी

आधी एकच बॉक्स चालू करून वेगवेगळी दहा-बारा चॅनलं लावून बघा. मग दुसरा चालू करा, मग तिसरा, आणि प्रत्येक वेळी आधीच्या टीव्हीवर काही फरक पडतो का ते पाहा. एका खोलीतच बिघाड असेल तर त्या खोलीची केबल एलएनबीच्या दुसऱ्या आउटपुटला लावा. बिघाड तिथेच राहिला तर केबल किंवा बॉक्स, गेला तर एलएनबीचं ते आउटपुट खराब. बॉक्स अदलाबदल करून उरलेला संशय मिटवा. काही ठरावीक चॅनलंच येत नसतील, म्हणजे एकाच गटातली सगळी गायब असतील, तर बहुतेक वेळा लांब केबलमध्ये व्होल्टेज उतरलेलं असतं किंवा सांध्यात पाणी शिरलेलं असतं. सगळ्या खोल्यांत एकदम गेलं तर बहुधा छत्री हललेली असते.

जोरदार पावसात सगळ्याच खोल्यांत चित्र फुटणं हा केयू बँडचा गुण आहे, जोडणीचा दोष नव्हे. सर ओसरली की चित्र परत येतं. साठ सेंटिमीटरऐवजी पाऊण मीटर किंवा नव्वद सेंटिमीटरची छत्री लावली तर असे व्यत्यय कमी होतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला घर असेल तर मोठीच छत्री घ्या. आणि मार्चच्या पूर्वार्धात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, स्वच्छ ऊन असताना, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान काही मिनिटं चित्र गेलं तर छत्रीला हात लावू नका. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा गोंगाट सिग्नलला झाकून टाकतो. ओळीने काही दिवस साधारण त्याच वेळी असं होतं आणि आपोआप थांबतं.